मेमरीच्या दोषांच्या कसोटीवर क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज

ब्राउझरची परीक्षणे बहुधा वेग, बॅटरीचा खर्च आणि जाहिराती अडवण्याची सोय यांभोवती फिरतात. या परीक्षणात त्या तिन्ही गोष्टी मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत. एखादे पान नुसते उघडल्यामुळे, कोठेही क्लिक न करता, संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जातो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा ब्राउझरच्या मेमरी हाताळणीतील एखादा दोष असतो. या दोषांच्या कसोटीवर आजचे प्रमुख ब्राउझर कितपत उतरतात, एवढाच येथील विषय आहे. क्रोम आणि फायरफॉक्स यांना अधिक जागा दिली आहे, कारण त्यांची अंतर्गत रचना उघड आहे आणि दोन्ही विंडोज लॅपटॉपवर व अँड्रॉइड फोनवर रोजच्या वापरात ठेवून पाहता आले. सफारी आणि एज यांचा विचार त्यांच्या काही खास तरतुदींपुरता केला आहे.

सर्व प्रमुख ब्राउझरांचा मोठा भाग सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत मेमरी मागून घेणे, मागितलेल्या जागेच्या हद्दीत राहणे आणि काम संपल्यावर ती जागा परत करणे ही सारी जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर असते. कोट्यवधी ओळींच्या प्रकल्पात ती प्रत्येक वेळी पाळली जात नाही. क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियम प्रकल्पाने २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर व अतिगंभीर सुरक्षादोषांची छाननी करून २०२० मध्ये जाहीर केले की त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरहाताळणीतून आले होते, आणि या ७० टक्क्यांतील निम्मे एकाच जातीचे, म्हणजे परत केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचे होते. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही आपल्या उत्पादनांतील दोषांबद्दल जवळजवळ हाच आकडा सांगितला होता. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची बेरीज इतकी जुळते, तेव्हा दोष प्रोग्रामरांच्या निष्काळजीपणाचा कमी आणि हत्याराचा अधिक मानावा लागतो.

परत केलेली मेमरी पुन्हा वापरली जाते तेव्हा नेमके काय होते, हे एकदा पाहून घेणे आवश्यक आहे. ब्राउझरने एखाद्या गोष्टीसाठी जागा घेतली, तिचा पत्ता दोन ठिकाणी लिहून ठेवला, काम झाल्यावर जागा परत केली. परंतु दोनपैकी एकाच ठिकाणचा पत्ता खोडला. पुढे दुसऱ्या ठिकाणाहून त्याच पत्त्यावर काम पाठवले जाते. जुना भाडेकरू निघून गेल्यावर त्याच्या नावाची मनीऑर्डर त्याच खोलीवर यावी आणि आत मुक्काम ठोकलेल्या नव्या माणसाने शांतपणे सही करून ती घ्यावी, तसा हा प्रकार आहे. हल्लेखोराचे सारे कौशल्य त्या मोकळ्या झालेल्या जागेत नेमक्या वेळी आपला माल आणून ठेवण्यात असते, आणि वेब पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्ट भाषेतील कोड त्याला ही संधी हवी तितक्या वेळा देतो. दुसरी मोठी जात हद्द ओलांडण्याची आहे: शंभर घरांच्या रांगेत एकशे एकाव्या घरात लिहिणे किंवा तेथील मजकूर वाचणे.

यातून हल्ला साधायचा तर आज सहसा दोन टप्पे पार करावे लागतात. पहिल्या टप्प्यात पान दाखवणाऱ्या प्रक्रियेचा, म्हणजे ब्राउझरच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या त्या भागाचा, ताबा घ्यायचा. दुसऱ्यात त्या प्रक्रियेभोवती घातलेले कुंपण, ज्याला सँडबॉक्स म्हणतात, ते ओलांडून बाहेरच्या संगणकात शिरायचे. म्हणून कोणत्या ब्राउझरमध्ये चुका कमी, या प्रश्नाला माझ्या मते फारसा अर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये व्हँकुव्हर येथील प्वन-टू-ओन या सुरक्षा भेदून दाखवण्याच्या स्पर्धेत मॅनफ्रेड पॉल या एकाच संशोधकाने दोन दिवसांत सफारी, क्रोम, एज आणि फायरफॉक्स या चौघांनाही चीत केले. चुका सर्वांत आहेत आणि उद्याही असतील. मी गुण दिले आहेत ते दोन बाबींवर: सापडलेली चूक हल्लेखोराला किती लांबवर नेते, आणि तिची दुरुस्ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर प्रत्यक्षात केव्हा पोहोचते.

पहिल्या बाबीत क्रोमची बाजू भक्कम आहे, आणि हे त्याच्या जन्मापासूनचे धोरण आहे. सप्टेंबर २००८ मध्ये तो आला तेव्हाच टॅब वेगळ्या प्रक्रियांत आणि सँडबॉक्समध्ये ठेवण्याची रचना त्याने आणली होती. पण तेव्हाची विभागणी टॅबची होती, संकेतस्थळांची नव्हे. एका पानात बसवलेली दुसऱ्या संकेतस्थळाची चौकट त्याच प्रक्रियेत राहू शकत होती. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील स्पेक्टर दोष उघड झाला आणि एकाच प्रक्रियेतील मेमरी परक्या कोडपासून लपवता येत नाही हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी ६७ व्या आवृत्तीत क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रिया देणे सुरू केले.

ही विभागणी डोळ्यांनी पाहता येते. विंडोजवर क्रोम उघडून शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. एखाद्या मराठी वृत्तपत्राचे मुखपृष्ठ उघडून तो पाहावा. टॅब एकच असतो, पण यादीत त्या टॅबखाली ‘सबफ्रेम’ अशा नावाच्या कित्येक ओळी येतात, प्रत्येकीपुढे जाहिरातदाराचा किंवा व्हिडिओ पुरवणाऱ्याचा पत्ता असतो आणि प्रत्येकीने खाल्लेली मेमरी वेगळी मांडलेली असते. अग्रलेख वाचताना आपण नकळत किती परक्यांना घरात घेतो, याचा इतका रोकडा हिशेब दुसरीकडे क्वचितच दिसतो. यांपैकी एखाद्या जाहिरातीच्या चौकटीतून हल्ला झाला, तरी हल्लेखोर सापडतो तो त्याच चौकटीच्या प्रक्रियेत. शेजारच्या टॅबमधील बँकेच्या पानाची मेमरी त्याच्या हाताशी नसते.

याची किंमत आहे, आणि ती गूगलने लपवली नाही: डेस्कटॉपवर एकूण मेमरीचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढला. ‘क्रोम रॅम खातो’ या नेहमीच्या तक्रारीतील काही भाग म्हणजे या कुंपणाचा खर्च आहे, हे तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. अँड्रॉइडवर मात्र हीच रचना काटकसरीने आली. २०१९ मध्ये ७७ व्या आवृत्तीत ती ज्या संकेतस्थळांवर वापरणारा पासवर्ड टाकतो तेवढ्यांपुरती, आणि किमान २ जीबी रॅम असलेल्या फोनांपुरती लागू झाली. ज्यांच्याकडे सर्वांत स्वस्त फोन आहे, त्यांच्या वाट्याला सर्वांत पातळ भिंत येते. तांत्रिक अडचण समजण्यासारखी आहे. तरीही गुण देताना ती वजा करावी लागली.

परत केलेल्या मेमरीच्या दोषांवर क्रोमने काढलेला तोडगा मला विशेष आवडला. सी प्लस प्लसमधील लक्षावधी ओळी दुसऱ्या भाषेत लिहून काढणे शक्य नव्हते. तेव्हा गूगलच्या अभियंत्यांनी ‘मिरॅकल पॉइंटर’ नावाची व्यवस्था उभारून १५ हजारांहून अधिक ठिकाणचे साधे पॉइंटर, म्हणजे मेमरीतील जागांचे लिहून ठेवलेले पत्ते, बदलले. या व्यवस्थेत प्रत्येक जागेकडे अजून किती जण बोट दाखवत आहेत याची मोजणी ठेवली जाते. जागा परत केली तरी कोणाकडे जुना पत्ता शिल्लक असेल, तर ती जागा दुसऱ्याला दिली जात नाही, निरर्थक आकड्यांनी भरून अडवून ठेवली जाते. मग त्या पत्त्यावर काम आलेच, तर ब्राउझर फार तर बंद पडतो, हल्लेखोराच्या हाती काही लागत नाही. २०२२ मध्ये ही व्यवस्था विंडोज व अँड्रॉइडवरील मुख्य प्रक्रियेत सुरू झाली आणि त्या प्रक्रियेचा मेमरीखर्च साधारण ५ टक्के वाढला. पुढे १२८ व्या आवृत्तीपासून या व्यवस्थेच्या आवाक्यात येणारे दोष सुरक्षादोष म्हणून मोजणेच क्रोमने थांबवले, आणि ही व्यवस्था भेदून दाखवणाऱ्याला २,५०,१२८ डॉलरचे बक्षीस लावले. शेवटचे १२८ डॉलर कशासाठी, हे ज्याने आवृत्तीचा क्रमांक लक्षात ठेवला आहे तो ओळखेल.

तरीही क्रोमचे सर्वांत दुखरे ठिकाण दुसरेच आहे. जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही-एट हे त्याचे इंजिन वेगासाठी पानातील कोडचे ऐनवेळी यंत्रभाषेत रूपांतर करते. या रूपांतरात इंजिन काही गृहीतके धरते, जसे की अमुक चल नेहमी पूर्णांकच असेल किंवा अमुक यादीची लांबी बदलणार नाही. गृहीतक चुकले की तयार झालेला यंत्रकोड हद्दीबाहेर लिहू लागतो. ही चूक मुळात तर्काची असल्यामुळे इंजिन रस्टसारख्या सुरक्षित भाषेत लिहिले असते तरी टळली नसती. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत क्रोमवर प्रत्यक्ष झालेल्या ज्या हल्ल्यांचा छडा लागला, त्या सर्वांची सुरुवात पान दाखवणाऱ्या प्रक्रियेतील मेमरीच्या दोषाने झाली होती, आणि त्यांतील सुमारे ६० टक्के दोष व्ही-एटमध्ये होते. म्हणून क्रोमने इंजिनाभोवती आणखी एक आतले कुंपण घातले आहे. इंजिनाच्या वस्तूंना एका राखीव पट्ट्याबाहेरचा कच्चा पत्ता ठेवताच येत नाही, त्यामुळे इंजिन बिघडले तरी बिघाड पट्ट्यापुरता राहतो. वेगातील घट सुमारे एक टक्का आहे. २०२४ मध्ये १२३ व्या आवृत्तीच्या वेळी गूगलने या कुंपणाला एक प्रकारचा ‘बीटा’ दर्जा दिला आणि ते भेदणाऱ्यांसाठी बक्षिसे सुरू केली.

फायरफॉक्सकडे वळताना एक गोष्ट आधी नोंदवली पाहिजे. मेमरीचे दोष भाषेच्या पातळीवर अशक्य करणारी रस्ट ही भाषा फायरफॉक्स घडवणाऱ्या मोझिला या संस्थेच्या आश्रयाने वाढली. ग्रेडन होर यांनी स्वतःच्या हौसेने सुरू केलेला हा प्रकल्प मोझिलाने उचलून धरला आणि मे २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. २०१६ मध्ये व्हिडिओ फायली वाचणारा एक छोटा भाग रस्टमध्ये लिहून फायरफॉक्समध्ये बसवला गेला, आणि नोव्हेंबर २०१७ मधील ५७ व्या आवृत्तीत पानाची मांडणी ठरवणारे शैलीचे संपूर्ण इंजिन रस्टमध्ये आले. सी प्लस प्लसच्या सुमारे १,६०,००० ओळींची जागा रस्टच्या ८५,००० ओळींनी घेतली. पुढे मोझिलाने जुन्या शैली-इंजिनाच्या सबंध आयुष्यातील सुरक्षादोष मोजले. ते ६९ निघाले, आणि पहिल्यापासून रस्ट वापरली असती तर त्यांतील ५१ उद्भवलेच नसते. भाषा बदलून काय मिळते याचा इतका नेमका, आणि उरलेल्या अठरांचीही कबुली देणारा, हिशेब दुसऱ्या कोणा ब्राउझरने मांडलेला मला आढळला नाही.

दुर्दैवाने हा धडाका टिकला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कामावरून कमी केले आणि रस्टमधील प्रायोगिक इंजिन सर्वो घडवणारा चमूही त्यात गेला. आज फायरफॉक्सचा बराच मोठा भाग अजून सी प्लस प्लसमध्येच आहे, आणि त्याचे परिणाम ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसले. शैलीचे इंजिन रस्टमध्ये सुरक्षित होते. पण पानावरील हालचालींच्या वेळापत्रकाचा, म्हणजे ॲनिमेशन टाइमलाइनचा, भाग जुन्या भाषेत होता आणि दोष तेथेच निघाला: परत केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा. एसेट कंपनीचे संशोधक डेमियन शेफर यांनी तो कळवला तेव्हा रॉमकॉम या नावाने ओळखली जाणारी टोळी त्याचा वापर आधीच करत होती. हल्ला झालेल्याने पान उघडणे एवढेच पुरेसे होते. पुढील टप्प्यासाठी टोळीकडे विंडोजच्या टास्क शेड्युलरमधील एक वेगळा दोष होता, त्यातून सँडबॉक्स ओलांडता येई.

या प्रसंगात फायरफॉक्सने जे केले त्याला मी पूर्ण गुण देईन. कळवल्यापासून २५ तासांच्या आत दुरुस्ती तयार झाली आणि ९ ऑक्टोबरला १३१.०.२ ही आवृत्ती बाहेर पडली. विंडोजमधील जोडीच्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टकडून १२ नोव्हेंबरला आली. मधला महिनाभर ज्यांनी फायरफॉक्स अद्ययावत केला होता, त्यांच्यासाठी साखळी पहिल्याच कडीला तुटलेली होती. वर उल्लेखलेल्या स्पर्धेनंतरही मोझिलाची दुरुस्त आवृत्ती दुसऱ्या दिवशी हजर होती. मनुष्यबळाने गूगलच्या जवळपासही नसलेल्या संस्थेची ही तत्परता आहे.

कुंपणांच्या बाबतीत फायरफॉक्स उशिरा, पण विचारपूर्वक आला. संकेतस्थळांची विभागणी करणारी ‘फिशन’ ही रचना डेस्कटॉपवर नोव्हेंबर २०२१ मध्ये ९४ व्या आवृत्तीपासून वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचू लागली, म्हणजे क्रोमनंतर तीन वर्षांनी. अँड्रॉइडवर ती तेव्हा आली नाही, आणि फोनवर फायरफॉक्सला मी क्रोमच्या मागे ठेवतो त्याचे हेच मुख्य कारण आहे. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’ व ‘प्रोसेसेस’ हे दोन शब्द इंग्रजीत, मधे अपूर्णविराम देऊन टाइप केले की संकेतस्थळनिहाय प्रक्रियांची यादी दिसते. ती क्रोमच्या यादीपेक्षा वाचायला सोपी आहे. पण फायरफॉक्सचे खरे वैशिष्ट्य त्यानंतर महिन्याभरात ९५ व्या आवृत्तीत आलेले आरएलबॉक्स आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील व टेक्सास विद्यापीठातील संशोधकांबरोबर बेतलेल्या या पद्धतीत सी किंवा सी प्लस प्लसमधील एखादे जुने ग्रंथालय, म्हणजे ठरावीक कामासाठी तयार असलेला कोडचा संच, आधी वेबअसेंब्ली या ब्राउझरसाठी आखलेल्या बंदिस्त कोडच्या रूपात आणि मग पुन्हा यंत्रभाषेत उतरवले जाते. या फेऱ्यामुळे त्याला आपल्याला नेमून दिलेल्या मेमरीबाहेर पाऊलच टाकता येत नाही. स्वतंत्र प्रक्रिया नको, तिचा खर्च नको, आणि मूळ कोड नव्याने लिहायलाही नको. सुरुवातीला अशी पाच ग्रंथालये बंदिस्त झाली: शुद्धलेखन तपासणारे हनस्पेल, ध्वनीचे ऑग, एक्सएमएल वाचणारे एक्सपॅट, आणि फॉन्टशी संबंधित ग्रॅफाइट व वॉफ-टू.

पाचांतील दोन फॉन्टची का, याचा विचार मराठी वाचकाने अवश्य करावा. पानाबरोबर पाठवला जाणारा फॉन्ट म्हणजे परक्या सर्व्हरवरून आलेली, आत बरीच गुंतागुंत असलेली फाइल असते. रोमन लिपीत फॉन्टचे काम बरेचसे अक्षरे शेजारी मांडून भागते. देवनागरीत ‘र्क्ष्य’ उमटवायचे तर रफार आणि जोडाक्षरे यांचे नियम त्या फाइलीतील तक्त्यांतून वाचून अमलात आणावे लागतात. जवळपास प्रत्येक मराठी संकेतस्थळ आपला फॉन्ट सोबत पाठवते, तेव्हा हे तक्ते वाचणारा कोड आपल्या यंत्रावर दिवसभर राबत असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये याच रांगेतील फ्रीटाइप या ग्रंथालयात हद्द ओलांडण्याचा दोष सापडला. फॉन्टमध्ये दडवलेल्या पीएनजी चित्राची मापे दोन ठिकाणी वेगळ्या प्रकारे वाचली जात, त्यामुळे राखलेल्या जागेपेक्षा मोठे चित्र आत ओतता येई. क्रोमविरुद्ध त्याचा वापर होत असतानाच तो पकडला गेला आणि ८६ व्या आवृत्तीत तातडीने दुरुस्त झाला.

यावर क्रोमने फायरफॉक्सपेक्षा वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२५ मधील १३३ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड, लिनक्स आणि क्रोमओएसवर पानाबरोबर आलेले फॉन्ट वाचण्यासाठी फ्रीटाइपऐवजी स्क्रिफा हे रस्टमध्ये लिहिलेले ग्रंथालय वापरले जाते. म्हणजे फायरफॉक्सने जुने ग्रंथालय कोंडून ठेवले, तर क्रोमने ते काढून नवे बसवले. नवे बसवणे केव्हाही चांगले. पण ते करायला पैसा व माणसे लागतात, आणि जोडाक्षरे जुळवणारे हार्फबझ दोघांकडेही सी प्लस प्लसमध्येच आहे. स्क्रिफा आल्यानंतर मराठी पाने रेखाटण्यात मला काही फरक जाणवला नाही, आणि अशा बदलाबद्दल याहून मोठी प्रशस्ती नाही.

आयफोनवर निवडीचा प्रश्न भारतात फारसा उरत नाही, कारण येथे आयफोनवरील क्रोम आणि फायरफॉक्सही आतून सफारीचेच वेबकिट इंजिन वापरतात. ॲपलची उल्लेखनीय देणगी म्हणजे २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आलेला लॉकडाउन मोड. त्यात इतर अनेक निर्बंधांबरोबर जावास्क्रिप्टचे ऐनवेळचे रूपांतरही बंद होते. पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते, ज्यांच्यावर महागडी हेरगिरी होण्याची शक्यता आहे, त्यांनी तो जरूर चालू करावा. इतरांना काही पाने अडखळताना दिसतील. सप्टेंबर २०२५ मधील आयफोन १७ पासून ॲपलने मेमरीचा प्रत्येक तुकडा आणि त्याकडे दाखवणारा पॉइंटर यांवर जुळणारी गुप्त खूण ठेवून ती प्रोसेसरकडूनच तपासून घेण्याची व्यवस्था आणली आहे. दिशा हीच बरोबर आहे, पण तिची किंमत नव्या फोनाएवढी आहे.

लॉकडाउन मोडमधील रूपांतरबंदीचा लाभ विंडोजवर फुकट हवा असेल, तर एज पाहावा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत व्ही-एटच्या नोंदवलेल्या दोषांपैकी सुमारे ४५ टक्के या रूपांतराशी निगडित निघाले. त्यावरून एजच्या सेटिंगमध्ये सुरक्षा वाढवण्याची एक तरतूद आली. तिच्या मध्यम पर्यायात आपण नेहमी न पाहणाऱ्या संकेतस्थळांवर रूपांतर बंद राहते, कडक पर्यायात सर्वत्र. मध्यम पर्यायावर ठेवून बातम्या, बँक, पत्रव्यवहार ही रोजची कामे करताना वेगात काही फरक जाणवत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी चित्र-संपादनाची साधने किंवा खेळ मात्र नव्या संकेतस्थळावर मंद पडतात. क्रोममध्येही संकेतस्थळांच्या परवानग्यांत असाच पर्याय आहे, फक्त तो शोधायला चिकाटी लागते.

आता दुसरी बाब, दुरुस्ती पोहोचण्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारातील चित्रे उलगडणाऱ्या ग्रंथालयात दोष निघाला. चित्रातील सांकेतिक तक्ता अमुक आकारापलीकडे जाणार नाही असे धरून जागा राखली होती, आणि मुद्दाम बिघडवलेला तक्ता ती ओलांडत असे. ॲपलची सुरक्षा शाखा आणि टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी तो कळवला. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आणि फायरफॉक्सची १२ सप्टेंबरला आली. मात्र हेच ग्रंथालय पोटात बाळगणारी डेस्कटॉपवरील असंख्य ॲप, विशेषतः क्रोमियम सोबत घेऊन फिरणाऱ्या इलेक्ट्रॉन चौकटीवर बांधलेली, आपापल्या सवडीने दुरुस्त होत राहिली. ब्राउझर अद्ययावत आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी अशा ॲपांकडेही पाहावे. अँड्रॉइडवर तर अनेक ॲपमधील पाने ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ या वेगळ्या घटकातून दिसतात, आणि तो प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत करावा लागतो. स्वयंचलित अपडेट डेटा वाचवण्यासाठी बंद ठेवणाऱ्या आपल्याकडील कित्येक फोनांत तो जुनाच पडलेला असतो.

क्रोमियमचा कोड उघड असल्यामुळे दुरुस्ती आवृत्तीत येण्याआधीच ती कोणालाही वाचता येते, आणि दुरुस्तीवरून दोष ओळखणे जाणकाराला अवघड नसते. ही मधली फट कमी करण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून क्रोम दर आठवड्याला सुरक्षा-आवृत्ती काढतो. क्रोमियमवर बेतलेले इतर ब्राउझर निवडताना ते क्रोमच्या किती दिवस मागे असतात हे पाहावे. एज आणि ब्रेव्ह यांत हे अंतर थोडे असते, फोनउत्पादकांनी आपल्या नावाने दिलेल्या ब्राउझरांबद्दल तशी खात्री मी देणार नाही. शिवाय दुरुस्ती यंत्रावर उतरली तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील खूण दोन दिवसांच्या आत हिरवी, चार दिवसांच्या सुमारास नारिंगी आणि आठवडा उलटला की लाल होते. चाळीस टॅब जपून ठेवणारी मंडळी ही खूण लाल झाल्यावरही दुर्लक्षितात, आणि क्रोमचा इशारा फार सौम्य आहे अशी माझी तक्रार आहे. फायरफॉक्स येथे अधिक रोखठोक आहे: पार्श्वभूमीवर अपडेट उतरले की कधीकधी तो नवे टॅब उघडायलाच नकार देतो आणि पुन्हा सुरू करायला लावतो. त्या क्षणी राग येतो हे खरे. आपल्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या सूचना दोन्ही ब्राउझरांबद्दल वरचेवर येतात, पण त्या येईपर्यंत अपडेट बहुधा येऊन गेलेले असते.

विंडोजच्या लॅपटॉपवर ८ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर मी क्रोम किंवा मध्यम पर्यायावर ठेवलेला एज सुचवीन, आणि फायरफॉक्स वापरणाऱ्याला तो सोडायला सांगणार नाही. अँड्रॉइडवर क्रोम. खरी अडचण जुन्या यंत्रांची आहे. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही आवृत्ती शेवटची ठरली, आणि ती जानेवारी २०२३ मधील आहे. वेबपीचा वरील दोष त्यानंतर आठ महिन्यांनी उघड झाला. अँड्रॉइड ८ व ९ साठी १३८ ही शेवटची आवृत्ती. अशा यंत्रांवर ब्राउझर चालतो, पाने उघडतात, आणि काही बिघडल्याचे कोठेच दिसत नाही. फायरफॉक्सने विंडोज ७ व ८ साठी ११५ या आवृत्तीच्या दीर्घकालीन शाखेचा आधार पुन्हा पुन्हा वाढवला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे, पण त्याही मुदतीला शेवट आहे. दुकानातील किंवा वर्गातील जुना संगणक टाकून देणे परवडत नसेल, तर त्यावर लिनक्स घालून चालू आवृत्तीचा फायरफॉक्स ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र प्रोसेसर ६४-बिटचा आहे ना, हे आधी पाहून घ्यावे, कारण १४५ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने लिनक्सवरील ३२-बिट यंत्रांची साथ सोडली आहे.